बॉनेटवरचं कुंकू

१२ सप्टेंबर
या आयरिश तुरुंगात घोर अन्याय होतो, याची इथे नोंद असावी. चहाच्या कपात आधी दूध ओततात! माझी शिक्षा चार वर्षांची. हा चहा म्हणजे जन्मठेप.

१५ सप्टेंबर
डिनी — कोठडीतला सोबती, ट्रली गावचा, ट्रक चोरून आलेला, इथला फुकटचा वकील. अपिलाची मुदत कधीच गेली, म्हणून त्यानं थेट हायकोर्टाला अर्ज खरडला: या माणसाला बेकायदा डांबलंय, सोडा! "यू'ल बी ग्रँड," म्हणे — सगळं ठीक होईल.
दसऱ्याला एका बाईंना गाडीनं उडवून पळालो म्हणे मी. त्या दुपारी मी श्रीखंड खाऊन घोरत होतो. साक्षीदार बायको. ज्युरीला पटली नाही.

२९ सप्टेंबर
उत्तर आलं. चार ओळी. कोठडी कायदेशीर आहे. निर्दोष आहात की नाही, हा इथला प्रश्नच नाही.
मग कुठला आहे?

४ ऑक्टोबर
बायको आली, रेवती — हसत, रडत. आईनं नागपूरहून घरच्या ग्रुपवर दसऱ्याचा फोटो टाकला. ती दरवर्षी जुनेच टाकते; हा ती इथे आमच्याकडे आली होती तेव्हाचा. आमची पांढरी गाडी, झेंडूचा हार, बॉनेटवर आईनं कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, एक पाय वाकडा. वेळ — अपघाताच्याच दिवशी संध्याकाळी पाच.
रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात चार वाजता पळालेल्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट मात्र कोरं!
"तू दुपारीच पुसलं होतंस ना?"
"अरे, दुसऱ्या दिवशी! शेजारी आपल्याला हिटलरचे पाहुणे समजले असते."
"मग बोलली का नाहीस?"
"तू विचारलंस कधी?"
एकोणीस वर्षांचा संसार. बॉनेटचा विषयच निघाला नाही!
सानिका आली नव्हती. शाळेत तिनं सांगितलंय — डॅड इज इन इंडिया. पोरीला खरं सांगता यावं, एवढंच हवंय.

९ ऑक्टोबर
वकीलबाईंना शंका: पुसून पुन्हा काढलं, असं म्हणतील. आईनं सकाळचाही फोटो शोधला. तोच वाकडा पाय! आईला चित्रकलेत आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी. आणि त्या दिवशी कुंकू धुऊन जायला दिवसभर पाऊस नाही — आयर्लंडमध्ये हाच मोठा पुरावा.
नवी वस्तुस्थिती म्हटल्यावर अपील कोर्ट मुदत गेली तरी ऐकतं. अर्ज गेला. डिनी म्हणे, "तुझ्या आईला माझ्याही ट्रकवर काहीतरी काढायला सांग."
"तू तर चोरलाच होतास!"
"हो, तेवढीच अडचण आहे."

७ मार्च
भेटीची रांग. या वेळी बाहेरच्या बाजूनं उभा. निकाल मंगळवारी लागला — शिक्षा रद्द, तिन्ही न्यायाधीश एकमतानं.
हायकोर्टाच्या त्या अर्जाला डिनीनं स्वतःजवळचं पोस्टाचं तिकीट लावलं होतं. खिडकीपाशी त्याच्या नावानं एक तिकीट जमा केलं आणि त्याला भेटायला आत गेलो.