सख्खी नसलेली मावशी

पिस्कॅटवे, ६ ऑक्टोबर २०२४

ती. मीनाक्षीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘ठीक आहे’ म्हणून सुटते, म्हणून तुम्ही पत्रच मागितलंत. रविवारच्या मराठी शाळेसारख्या चुका काढू नका हं!

बाबांमागोमाग आईही गेली, आता आम्ही दोघी बहिणीच. माझी शाळा साडेसातला आणि अनिकाची बस त्यानंतर. दहा वर्षांच्या मुलीला एकटी कशी सोडू? रोज पहिला तास बुडतो. संध्याकाळी देसी दुकानात काउंटरवर असते, मग केमिस्ट्री उघडली की डोळे मिटतात.

मी सतराचीच, आम्हाला एकटं राहू देणार नाहीत, म्हणून शाळेत सांगितलंय की मावशी आमच्याकडे राहते. नाव तुमचं दिलंय. तुम्ही टेक्ससला गेलात, तरी नंबर अजून न्यू जर्सीचाच आहे ना! काउन्सेलरचा फोन आला तर फक्त हो म्हणा, प्लीज. आपल्याला वेगळं करतील का, असं अनिका सारखं विचारते.

रागवा, पण माया असू द्या.
तुमची,
निधी

शुगर लँड, १० ऑक्टोबर

चि. निधीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. शाळेचा फोन परवाच येऊन गेला. मुलींबरोबर राहता ना, असं त्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, छे, मी टेक्ससला, माझ्या यतीनकडे. सख्खी मावशी का? तेही नाही; शेजारीण होते, मराठी शिकवायचे. सगळं फडाफडा सांगून टाकलं.

पत्राचा हट्ट माझाच, मान्य. पण असली गोष्ट टपालानं कळवतात का, गाढवे? आई कामावर असताना माझ्याकडे हक्कानं जेवायचात, मग आता कसला संकोच? फोन का उचलत नाहीस?

रागातही माया आहे, हे ध्यानात ठेव.
मीनाक्षी

पिस्कॅटवे, १८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अनिकाला नेलं. सरकारी लोकांनी तासाभराच्या अंतरावर कुणाच्या तरी घरी ठेवलंय, शाळाही नवी. तिथे ती कुणाशी बोलत नाही म्हणे. मला दुकानातल्या दीपाकाकूंनी ठेवून घेतलं. त्यांच्याकडे एकीपुरतीच जागा आहे.

आता मी पहिल्या तासाला वेळेवर असते. सर शाबासकी देतात.

तुम्ही फक्त हो म्हणाला असतात तर! हे खोडणार होते, पण राहू देते. अठ्ठावीसला कोर्ट आहे. तुमचं इथे कोण आहे, असं विचारतील. नागपूरचे मामा फोन घेत नाहीत.

निधी

शुगर लँड, २२ ऑक्टोबर

चि. निधीस,
अनेक आशीर्वाद.

खोडलं नाहीस, बरं केलंस.

शनिवारच्या विमानानं येते. यतीन म्हणतो, आई, तू सत्तरीची, दोन्ही गुडघे बदललेले. कोर्ट तुझ्या हाती मुली देईल का? मी विचारलं त्या वकीलबाईंनीही फारशी आशा दाखवली नाही. मी न्यायाधीशांना पुन्हा खरंच सांगणार: रक्ताचं नातं नाही. पण आता मी पिस्कॅटवेलाच राहणार, हेही खरंच असेल. यतीनला तसं सांगून झालंय.

रोज पोटभर जेव. शाळा बुडवू नकोस.

आणि मी येतेय हे अनिकाला कळवू नकोस. कोर्टानं नाही म्हटलं, तर त्या पोरीला आणखी एक माणूस गेल्यासारखं होईल.

तुझी,
मीनाक्षी