उसना सोफा

प्रिय यामिले,

दोन घरांच्या मधे एक भिंत आणि तरी ही बाई पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. पण समोर आले तर माझा आवाज चढेल, आई रडायला लागेल आणि सगळी गल्ली खिडकीत येईल. म्हणून लिहितेय.

त्या नोकरीसाठी मला तूच तयार केलंस, हे मी नाकारत नाही. दुकानात चपलांच्या विभागात उभं राहून आपल्या दोघींचे पाय सुजायचे. मुख्य कार्यालयात, खरेदी विभागात जागा निघाली तेव्हा म्हणालीस, "नोरेली, तूच भर अर्ज. मला नाही बाई ते जमायचं." मग रोज संध्याकाळी आमच्या जिन्यावर मक्याच्या अरेपा भाकऱ्या खात माझी शिकवणी. आधी त्यांच्या दुसऱ्या शाखेत गिऱ्हाईक बनून फिरून ये. काय बदलशील असं विचारतील, तेव्हा साहेबांच्या चुका काढू नकोस, गिऱ्हाईक कुठे अडतं ते सांग. सात-आठ जणांना एका टेबलाशी बसवून दुकान मांडायला लावतील, तिथे आरडाओरडा करू नकोस, गप्प बसलेल्याला बोलतं कर. सगळं तस्संच झालं. मी पास झाले तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. ते रडणं कशाचं होतं, याचा विचार मी आता करतेय.

राहिली नोकरीआधीची घरभेट. आपल्या मेदेयिन शहरात ती कोणाला चुकलीय? कंपनीची बाई येणार, फ्रिज उघडणार, कोण कुठे झोपतं विचारणार, शेजारी चौकशी करणार. आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या बघून तू नाक मुरडलंस. "अगं, या बघून ती दारातूनच परत फिरेल!" आणि मी नको नको म्हणत असताना भावाला हाताशी घेऊन स्वतःचा निळा सोफा आमच्याकडे आणून टाकलास. तपासणीच्या ओफेलियाबाई त्यावर बसल्या, आईच्या हातची कॉफी प्यायल्या. सोफा छान आहे, तुमचाच ना, असं त्यांनी सहज विचारलं. मी हो म्हणाले. मग त्या तुझ्या दारात गेल्या.

नकार आला. फोनवरची मुलगी भली होती, कारण सांगून गेली. गरिबीला आमची हरकत नाही, म्हणाली, खोटेपणाला आहे; सोफा शेजारणीचा, असं शेजारणीनेच सांगितलं. तरी मी तुझीच बाजू घेत होते, चुकून बोलून गेली असेल म्हणून. काल दुकानातल्या नुबियाने सांगितलं की तूही गुपचूप मुलाखती दिल्या होत्यास, आणि माझ्यामागे तुझाच नंबर होता. मला तुझा भयंकर राग आलाय, यामिले. माझ्या घरात बसून, माझ्या आईच्या हातचं खाऊन तू हे केलंस.

आज सकाळी ओफेलियाबाईंचा फोन आला. गुरुवारी तुझी घरभेट, आणि शेजारीण म्हणून त्या माझ्याशी बोलणार आहेत. घाबरू नकोस. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, गिऱ्हाईक छान सांभाळतेस, हे सगळं मी सांगेन, कारण ते खरं आहे. पण शेवटी त्या एक प्रश्न विचारतातच, तुलाही विचारला असेल: या व्यक्तीच्या हाती तुम्ही स्वतःच्या घराची किल्ली द्याल का? त्याचंही मी खरं तेच उत्तर देणार आहे. ते तुला माझ्याकडून आधी कळावं, म्हणून हे पत्र. आणि आमची किल्ली तुझ्याकडे आहे, ती गुरुवारच्या आत दाराखालून सरकव.

कालपर्यंत तुझीच,
नोरेली