धनराजचे फावडे आणि नौबादचे अर्धे घर

मी, शोभाबाई भ्र. नरसिंग बिरादार, वय एकाहत्तर, काम घर सांभाळणे, राहणार नौबाद, बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे; आज सकाळी डॉक्टरांनी वार आणि गाव विचारून खात्री करून घेतली. दबाव कोणाचा नाही. मुलगी अंबिका, राहणार चिटगुप्पा, शेजारी बसून कागदात डोकावते आहे, त्याला दबाव म्हणता येणार नाही.

१. नौबादचे राहते घर माझ्या नावावर आहे. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग अंबिकाला बिनशर्त द्यावा. पश्चिमेकडचा अर्धा भाग मुलगा धनराज, सध्या राहणार विनिपेग, कॅनडा, याला द्यावा. पण त्याने दारापुढचे बर्फ काढायचे यंत्र घेतल्यावरच.

अंबिका आत्ताच म्हणाली, "आई, मला कामून अट न्हाई?"

"तुझ्या चिटगुप्प्यात बर्फ पडायलाय का?"

२. अटीचे कारण. यजमान, म्हणजे मुलांचे अण्णा, गेले त्या साली त्यांनी तुरीची पोती स्वतःच गच्चीवर चढवली. हमाल दारात उभा होता. "आपल्या घरचं काम हाय," म्हणाले, आणि जिन्याच्या वळणावर छातीला हात लावून थांबले. पुढच्या पायऱ्या ते चढले नाहीत.

पुढे मी एक हिवाळा धनराजकडे राहिले. पहिल्याच पहाटे उठून दारात सडा घातला. सकाळी दारात पाणी पडले नाही तर मला चहा गोड लागत नाही. तो सडा पायरीवरच गोठला. टपाल देणारी बाई त्यावर घसरून बसली. तिला लागले नाही. बसल्या जागेवरूनच तिने टपाल दिले. मग धनराज फावडे घेऊन तो खरवडायला लागला, आणि मध्येच छातीला हात लावून थांबला. अगदी जिन्यातल्यासारखा. मी खिडकीत होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरने फावडे सोडायला सांगितले. धनराजने डॉक्टर बदलला.

३. मागच्या रविवारी फोनवर झालेले बोलणे नमूद करते, म्हणजे पुढे कोणी नाकबूल होणार नाही.

"आई, तेवढाच व्यायाम व्हतोय."

"तुझ्या अण्णांनी बी असंच म्हणलं व्हतं."

"मशीन घिऊन ठेवू कुठं? डोक्यावर? शेडमधी गाडी हाय."

"गाडी भायेर ठेव. गाडीला जाळी बसवलेली न्हाई."

यावर सून राजश्री मागून हसली. तिचा या प्रकरणातील पक्ष समजून यावा म्हणून लिहिले. माझ्या पाटल्या तिला द्याव्यात. बोरमाळ अंबिकाची.

४. फावड्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते दाराआड उभे राहते, पेट्रोल पीत नाही, शेजार जागा करत नाही. यंत्र ओरडते आणि जागा अडवते. परंतु यंत्र छातीला हात लावून थांबत नाही. मी दोन्ही बाजू पाहून निकाल दिला आहे.

५. यंत्र नुसते आणून झाकून ठेवलेले चालणार नाही. राजश्रीने ते चालताना अंबिकाला फोनवर दाखवावे. तोवर पश्चिमेकडच्या खोल्यांत अंबिकाने तूर ठेवावी. धनराजने साफ नकार दिल्यास त्या खोल्या अंबिकाच्याच, आणि भावाशी भांडण्याचा माझा हक्कही तिचाच.

६. यंत्र बर्फ लांब उडवते; त्याचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे करू नये. आमचे इथले शेजारी प्रेमानंद रोज आपला कचरा आमच्या दारापुढे लोटतात. माझा खराटा त्यांना द्यावा. तोंडाने काही सांगू नये.

७. ते फावडे नौबादला आणावे. रुंद आहे, गच्चीवर वाळणारी तूर वरखाली करायला अंबिकाला बरे पडेल. विमानात मावत नसेल तर दांडा कापावा. दांडा कापला की ते परत बर्फात जाणार नाही, हाही फायदाच.

८. नोंदणी कचेरीत कन्नड भाषांतर मागितल्यास अंबिकाने करून घ्यावे. बीदरच्या मृत्युपत्रात बर्फ कसे, असे कारकुनाने विचारल्यास कलम दोन वाचून दाखवावे.

९. माझा शेवट हिवाळ्यात झाला तर धनराजने निरोप मिळताच धावत सुटू नये. दारापुढचे बर्फ यंत्राने काढावे, रस्ता मोकळा करावा, मग सावकाश निघावे. अग्नी त्यानेच द्यावा. तोवर मला बर्फाच्या पेटीत ठेवावे. मला सवय आहे. मी वाट बघेन.

वरील मजकूर मी वाचला, अंबिकाने न सांगता वाचला, आणि तो आम्हा दोघींना मान्य आहे. सही मात्र माझी एकटीची.

ठिकाण : नौबाद, बीदर
दिनांक : ९ डिसेंबर २०२४

(सही) शोभाबाई नरसिंग बिरादार

साक्षीदार :
१. महेशकुमार गुरुलिंग स्वामी, राहणार नौबाद (सही)
२. शिवकन्या व्यंकट मेत्रे, राहणार बीदर (सही)