वज्रकळेची सोयरीक

पलूस, ५ ऑक्टोबर १९७३

ती. आक्काताई आत्यास,
जाईचा शि. सा. न. वि. वि.

या महिन्याचं मासिक आलं. तुमची कादंबरी मी नेहमीप्रमाणे आबांना मोठ्यानं वाचून दाखवली. वज्रकळेनं पंखांच्या घोड्यावरून तीन तोंडांचा राक्षस लोळवला, तेव्हा आबा इतके खूश झाले, की गोठ्यात जाऊन बैलांनाही गूळ चारून आले.

आता संकट ऐका. मला एक स्थळ आलंय. मला मॅट्रिक होऊन सांगलीला कॉलेजात जायचंय. मी आबांना म्हटलं, की वज्रकळा वीस वर्षांची झाली तरी तिचं लग्न नाही, मग नातीचीच घाई का? आबांनी विचार केला आणि म्हणाले, की व्हय की, तिचं जमू दे, मग तुझं बघू. तेव्हा आत्या, पाया पडते, मार्चच्या परीक्षेपर्यंत तिला बिनलग्नाची ठेवा.

इतकी माया करता, तर एवढंही कराच.

तुमची
जाई

वाई, १२ ऑक्टोबर १९७३

चि. जाईस,
अ. उ. आ.

पोरी, पत्र उशिरा आलं. पुढचं प्रकरण छापायला गेलं. त्यात युवराज हेमकेतू पाचशे हत्ती घेऊन वज्रकळेला मागणी घालायला आलाय. संपादक म्हणतात, की बाईनं किती दिवस मारामाऱ्या करायच्या? लग्न लावा, नाहीतर कादंबरी आवरा. काही सुचेल म्हणून घाटावर जाऊन बसले. डास तेवढे चावले. मला तुझी फार काळजी वाटते.

अभ्यास सोडू नकोस. आबांना साष्टांग नमस्कार सांग, बाकीचं सांगू नकोस.

तुझी
आत्या

पलूस, ८ नोव्हेंबर १९७३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रकरण वाचलं आणि माझं धाबं दणाणलं. पण आबा म्हणतात, की चौकशीशिवाय पोरगी द्यायची नसते. ते सांगतात तसं लिहिते. आक्के, पाचशे हत्ती हायत, पर त्यास्नी वैरण कुठली? राज्याला बारमाही पाणी हाय का? भाऊ किती? आन् लगीन झाल्यावर तिच्या तलवारीचं काय करणार, ते त्याच्या तोंडनं वदवून घे.

तिला मागणी आली, म्हणून माझ्या स्थळाची मंडळीही पुढच्या महिन्यात येणार आहेत. आधी हे लिहा, लोभ मागाहून केलात तरी चालेल.

तुमची
जाई

पलूस, १० डिसेंबर १९७३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, जिंकलो! तुमचा हेमकेतू म्हणाला, की लग्नानंतर तलवार देव्हाऱ्यात ठेवायची. ऐकताच आबांनी पटका जमिनीवर आपटला. सोयरीक मोडली, असं तुम्हाला कळवायला सांगितलंय.

काल ती मंडळी आली. पोहे खाऊन मुलाचे वडील म्हणाले, की पोरगी पसंत आहे, फक्त शाळा आता बंद करायची. आबा ताडकन उठले आणि म्हणाले, की तलवार खाली ठिवायला लावणाऱ्या घरात आमी पोरगी देत न्हाई. मंडळी घाबरून माझ्या हातांकडे बघायला लागली. मला आनंदानं रडू आलं, त्यांना ते रागाचं वाटलं. चहा न घेताच गेली.

संपादक चिडले, तर समजूत घालायला आबा स्वतः वाईला येणार आहेत.

इकडे बाजारात एकच बातमी आहे, की हिंदुराव आबांच्या नातीजवळ तलवार आहे. आई म्हणते, लोकांना खरं काय ते सांगून टाका. आबा म्हणतात, ऱ्हाऊ दे, पोरगी सांगलीला एकटी ऱ्हायची हाय.

लोभ आहेच, आता धाकही असू द्यावा.

तुमची
जाई