चांदूर बाजारचे पंधरा दिवस

प्रिय ताई,

तुला जाऊन चार महिने झाले. शोकसभेत मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो, नंतर काही लिहिलंही नाही. आज लिहितोय, कारण मंगळवारच्या बैठकीत एक गोष्ट झाली आणि ती तुलाच सांगायला हवी.

आपलं कॉलेज आता विद्यापीठाचं अभियांत्रिकी आणि संगणन स्कूल झालं आहे. तुझा मेकॅनिकल विभाग आणि माझा कॉम्प्युटर विभाग एकाच डीनच्या हाताखाली आले. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा असे नवे अभ्यासक्रम सुरू होतील. त्यात वाईट काही नाही. दोन विषय मीच शिकवणार आहे. स्कूलचं नवं ध्येय लिहायचं कामही माझ्याकडेच आलंय. हसलीस ना?

मागच्या वेळी मी काय करून ठेवलं होतं! मूल्यांकन समिती येणार होती, त्या कामाची प्रमुख तू होतीस आणि तू मला कॉलेजचं ध्येय लिहायला सांगितलंस. मी ते दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललं. न वाचता तू सही केलीस, न वाचता प्राचार्यांनी केली आणि फ्रेम करून ते प्रत्येक मजल्यावर लागलं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी मात्र उभं राहून ते वाचलं. ‘किनारपट्टीवरील समाजाच्या उन्नतीसाठी...’ इथे थांबून त्यांनी विचारलं, “मॅडम, अमरावतीला किनारा कोणता?”

“वर्धा नदीचा, सर. कौंडण्यपूरला,” तू म्हणालीस. “पण खरं सांगते, सही माझी आहे. चूकही माझीच.”

मी मागे फाइल धरून उभा होतो. माझं नाव आलंच नाही.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, “विज्या, लेका, समुद्र आनला तं आनला, थोडे मासे तरी आनाचे!” मग जरा वेळाने, “आपन कोनासाठी शिकवून राहिलो, हेच आपल्याले सांगता येत नाही. चाल, पाहून येऊ.”

अशी चांदूर बाजारची सुरुवात झाली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पंधरा दिवस तिथे राहायचं, कुणाचं कोणतं काम अडतं ते पाहायचं आणि एक तरी वस्तू करून द्यायची. पहिल्या वर्षी संत्री निवडायचं टेबल झालं. तिथल्या संत्र्यांच्या शेडमध्ये काम करणारी शोभाबाई आठवते? टेबल पाहून ती म्हणाली, “मॅडम, हे बायांसाठी हाय का उंटासाठी?”

“मले काहून सांगता? ज्यायनं बनवलं त्यायले सांगा.”

तिने सांगितलं, चांगला अर्धा तास! मुलांनी दुसऱ्या दिवशी टेबलाचे पाय कापले. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी मोजणीचं ॲप केलं होतं. दिवसभर संत्र्यांत चिकट झालेल्या हातांनी फोन कोण धरणार, हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. मलाही तिथेच कळलं, ताई. हे मी तुला कधी बोललो नाही.

मंगळवारी डीनसर म्हणाले, “फील्डचे पंधरा दिवस नव्या वेळापत्रकात बसत नाहीत. त्याऐवजी ऑनलाइन कोर्स ठेवू. कुणाची हरकत?”

तुझ्या विभागातलं कुणी बोललं नाही. मीही पेनकडे पाहत राहिलो.

“चला, सर्वानुमते,” सर म्हणाले आणि पुढचा विषय आला. एवढ्या वेळात झालं सगळं.

मला थोडा राग तुझाही येतो. अकोल्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत बाईंनी मला काही विचारलं की उत्तर तू द्यायचीस. लग्न ठरताना मुलीकडच्यांशी तूच बोललीस. समितीपुढेही तूच. एकदा तरी मला अडकू द्यायचं होतंस! मला सवयच लागली नाही, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाने ती कुठून आणायची?

शुक्रवारी इतिवृत्त आलं. ‘सर्वानुमते मंजूर’, आणि उपस्थितांत माझं नाव. येत्या सोमवारी पुन्हा बैठक आहे. पहिला विषय नेहमीचाच, मागील इतिवृत्त कायम करणे. आम्ही सगळे चहा घेता घेता मान हलवतो. खरं तर हरकत तिथेच घेता येते. इतक्या वर्षांत नियम पहिल्यांदाच उघडून वाचला.

तर ताई, शब्द देतो. सोमवारी इतिवृत्त वाचलं की मी उभा राहीन, कारण बसून माझा आवाज निघत नाही. सांगेन की मी गप्प होतो, पण सहमत नव्हतो, आणि तसं लिहून घ्या. ते पंधरा दिवस मेकॅनिकलला देता येत नसतील, तर माझ्या कॉम्प्युटरच्या मुलांना द्या, त्यांच्यासोबत मी जाईन. कदाचित ऐकणार नाहीत. मग विरोधात एक नाव तरी लिहिलं जाईल. आवाज कापला तरी वाक्य पूर्ण करीन.

तुझा भाऊ,
विजय
आपलं जुनं घर, जठारपेठ, अकोला