घाटात हुंगवलेला जोडा

मी, पुंजाजी वल्द रामकिसन इंगोले, वय सेहेचाळीस, राहणार मालेगाव जहागीर, पूर्वीचा मोटार ड्रायव्हर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय लिहवून घेत आहे. ‘पूर्ण शुद्धीवर’ हे शब्द अर्जनवीस सर्वांसाठीच लिहितात. माझ्यासाठी ते पुन्हा लिहावेत. मी पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरचा दाखला जोडावा असे त्यांनी सुचवले. मी नको म्हणालो. एका दाखल्याने माझी पुरती शोभा केली आहे.

पुढच्या सोमवारी अकोल्याला माझे मुतखड्याचे ऑपरेशन आहे. टेबलावरून उठलो नाही तर खालीलप्रमाणे व्हावे.

कलम पहिले. राहते घर, विहिरीजवळचे चार एकर वावर व बैलजोडी माझी पत्नी रंगूबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावी आणि तिच्यामागे मुलगी विजयमाला हिला मिळावी. माझ्या चुलतभावांनी याबाबत तोंड उघडू नये. माझे लायसन गेले तेव्हा उघडले होते, तेवढे पुरे.

कलम दुसरे. हे मालमत्तेचे नाही, तरी येथेच लिहावे. मी एकोणीस वर्षे मालेगाव-अकोला मोटार चालवली. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मालक मदनसिंग यांनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली आणि मोटार कोळशाच्या गॅसवर चालू लागली. त्या भट्टीच्या नळीचा सांधा फुटका होता. थंडीत उतारू पडदे सोडून बसत आणि गॅस आत कोंडे. त्याला ना रंग ना वास; फक्त डोके जड होई. मी लोहाराकडून सांध्यावर बसेल अशी लोखंडी पट्टी करून आणली. मालक म्हणाले, “एक दिवस मोटार उभी राह्यली त उतारू दुसऱ्याच्या मोटारीत जातीन.” पट्टी माझ्या घरी फळीवरच राहिली.

मागल्या वर्षी पौषात मेडशीच्या घाटात चढावर माझी शुद्ध गेली. मोटार बांधाला टेकली. कोणाला खरचटलेही नाही. तेव्हाचा क्लीनर उदयसिंग याने मला बाहेर ओढून रस्त्यावर निजवले आणि, फेफरे आलेल्या माणसाला आपल्याकडे हुंगवतात तसा, पायातला जोडा माझ्या नाकाशी धरला. बस, एवढ्यावरून मिरगी ठरली. कचेरीत उदयसिंगने जबानी दिली, “जोडा हुंगवला अन् हे उठले.” सरकारी डॉक्टरने माझे डोळे पाहिले, नाडी पाहिली, सगळे ठीक निघाले. मी म्हणालो, “साहेब, गॅस मोटारीत येते. मोटारीले तपासा.” ते म्हणाले, “मी माणसं तपासतो.” आणि मिरगी लिहून त्यांनी लायसन रद्द करवले. त्याला चौदा महिने झाले. मला एकदाही चक्कर आलेली नाही. ते मात्र कोणी तपासायला आले नाही. सरकारचा जोड्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही.

लायसनचा राग मी गिळला असता. पण दिवाळीनंतर धनजहून विजयमालासाठी आलेले स्थळ परत गेले. मुलाचे वडील माझ्याच ओसरीवर चहा पिऊन म्हणाले, “पोरगी लाखात एक हाय, पन बापाले मिरगी हाय. सरकारी कागदावर हाय. उद्या नातवाईले झाली त?” मुलगी दाराआड होती. तिने सर्व ऐकले. तिने मला त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

म्हणून लिहावे: मला मिरगी नाही, माझ्या बापाला नव्हती, माझ्या मुलीला नाही. या कलमाची नक्कल धनजला पाठवावी. मी ऑपरेशनमधून उठलो तरी पाठवावी.

कलम तिसरे. माझे पाने, जॅक, हातोडी आणि ती लोखंडी पट्टी उदयसिंगला. आता माझ्या जागेवर तोच बसतो. साक्षीदाराला काही देऊ नये असे अर्जनवीस म्हणतात. मग त्याची आई मोतीबाई हिच्या नावे लिहावे. घाट चढून आल्यावर तो मोटार थांबवतो आणि दगडावर डोके धरून बसतो, हे मी उतारू म्हणून जाताना दोनदा पाहिले. विचारले तर म्हणाला, “बिडी प्याले उतरलो.” त्याच्या हातात बिडी नव्हती. साक्षीला त्याला मुद्दाम बोलावले आहे, म्हणजे हे त्याला ऐकावेच लागेल.

कलम चौथे. मदनसिंग यांना काही नाही. त्यांनी मला खांदा द्यायलाही येऊ नये. त्यांची मोटार एक दिवस उभी राहील.

कलम पाचवे. अखेरच्या वेळी माझी शुद्ध गेली तर कोणी नाकाशी जोडा आणू नये. खिडकी उघडावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एकही शब्द कमी करायचा नाही.

सही: पुंजाजी रामकिसन इंगोले
मुक्काम मालेगाव जहागीर, तालुका वाशीम, जिल्हा अकोला
तारीख १४ मार्च १९४५

साक्षीदार

१. बबनराव वल्द गणपत घुगे, शाळामास्तर. सही.

२. उदयसिंग वल्द सोमला राठोड, मोटार ड्रायव्हर. अंगठा देण्यापूर्वी याने पुढील मजकूर लिहायला लावला, तो त्याच्याच शब्दांत:

“मले बी त्या घाटात चक्कर येते. तीन डाव आली. पुंजाजीभाऊले मी बाहेर ओढलं तवाच त्याहीनं डोळे उघडले होते. जोडा मंग धरला. कचेरीत हे सांगतलं नाई, काहून का मले ते जागा पाह्यजे होती. आता माह्या लायसनचं जे व्हईल ते व्हईल. उद्या मोटार उभी ठेवतो अन् धनजले नक्कल मी सोता घेऊन जातो.”

निशाणी डाव्या हाताचा अंगठा.