गणपतीपुढचा रॉक

हरणी, बडोदे
शनिवार

प्रिय दादा,

त्र्याहत्तर साली इथल्या वाडी भागातल्या गणपतीपुढे तुमच्या रॉक बँडने केलेल्या कार्यक्रमाची टेप सापडली आणि आता तिचा अल्बम निघाला, हे कळल्यावर मी तो दार लावून दोनदा ऐकला. तू अमेरिकेहून फोनवर विचारलंस, "मंदा, ऐकलास का?" मी म्हटलं, "हल्ली कानांचा त्रास आहे रे." कान ठणठणीत आहेत.

तिसऱ्या गाण्यात तुमचे ड्रम संपता संपत नाहीत, तेवढ्यात कुणीतरी किंचाळतं, "हवे बस करो ने, आरती करो!" मग सगळा मांडव तेच ओरडतो, आता पुरे, आरती करा! त्या दिवशी तू गिटार माळ्यावर टाकलीस. आपला आतेभाऊ दामोदर पुढे बसून हसत होता, म्हणून त्याच्याशी पन्नास वर्षं बोलला नाहीस.

दादा, ती मी होते. बारा वर्षांची, समोर मोदकांचं ताट, आणि आरती झाल्याशिवाय हात लावायचा नाही! घरच्यांनी ओळखू नये म्हणून गुजरातीत ओरडले.

परवा तू म्हणालास, "दामोदरच तो! तेव्हा त्याचा आवाज फुटला नव्हता." मी म्हटलं, "हो ना."

दामोदरनेही अल्बम ऐकलाय. माझा आवाज त्याने ओळखला असणार, कारण तेव्हापासून दर रविवारी जेवायला येऊ लागलाय. गेल्या रविवारी श्रीखंड झालं. उद्या बासुंदी हवी म्हणे. दूध आटत ठेवलंय.

बासुंदी जमली, तर हे पत्र टाकणार नाही.

तुझी लाडकी,
मंदा